बॅटरी नवी, सेल्फ नवा, तरी गाडी खट् करून गप्प: २००८ च्या एका हॅचबॅकचं प्रकरण

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात पार्ट खराब होता म्हणून पैसे गेले नाहीत, मोजमाप न करता पार्ट बदलले म्हणून गेले. जुनी गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर जे जे बदललं जातं ते सगळं इथे बदलून झालं होतं, आणि खरी खोड होती काही शे रुपयांच्या एका केबलमधे. माणसं, गाव आणि गाडीची कंपनी मुद्दाम सांगत नाही, त्याची इथे गरजही नाही, या वयाच्या कुठल्याही छोट्या पेट्रोल गाडीत हे असंच होऊ शकतं.

पार्श्वभूमी

गाडी २००८ ची, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली) पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही धातूच्या तारेने, म्हणजे वायरने ओढले जाणारे. मालक रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठावरच्या गावात राहणारे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. गाडी पहिल्यापासून त्यांच्याकडेच, रनिंग फार नाही, पण उभी असते ती पत्र्याच्या शेडमधे आणि समोरून दिवसभर खारा वारा. कोकणात राहणाऱ्याला हे सांगायला नको, इथे सायकलची चेनसुद्धा एका पावसाळ्यात लाल होते.

२०२३ मधे गाडीला पंधरा वर्षं झाली. एप्रिल २०२२ मधे पंधरा वर्षांवरच्या खासगी कारच्या रजिस्ट्रेशन नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती, ती फी भरून, वर हरित कर भरून, पासिंगसाठी टायर आणि थोडं पत्र्याचं काम करून गुरुजींनी गाडी पुढच्या पाच वर्षांसाठी कायदेशीर करून घेतली होती. म्हणजे गाडी ठेवायची हा निर्णय त्यांनी पैसे मोजून आधीच घेतलेला. त्याला कारणही तसंच होतं, काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला शहरात न्यावं लागायचं. एसटीच्या पायऱ्या काकूंना चढवत नव्हत्या.

अजून एक गोष्ट, जी त्या वेळी कोणालाच महत्त्वाची वाटली नाही. २०२४ च्या जानेवारीत गाडीची क्लच प्लेट बदलली होती. त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. काम चांगलं झालं, क्लच मऊ झाला, गुरुजी खूष. मग एप्रिलमधे क्लच परत जड झाला, गॅरेजवाल्याने क्लच वायर बदलून दिली, जूनमधे तीही जड लागायला लागली. पॅडल दाबताना मधेच अडकल्यासारखं व्हायचं.

अडचण काय होती

पाऊस सुरू झाल्यावर, जूनच्या शेवटी, पहिला त्रास. सकाळी घरून गाडी निघाली, जरा आळसाने निघाली पण निघाली. फिजिओथेरपी झाल्यावर हॉस्पिटलच्या आवारात चावी फिरवली तर इंजिन अर्धं वळण घेऊन थांबलं, परत फिरवली तर नुसतं खट्. परत खट्. डॅशबोर्डचे दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता.

शेजारी एक टुरिस्ट गाडीचा ड्रायव्हर होता, भला माणूस, त्याच्याकडे जंपर केबल होती, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायची चिमटेवाली वायर. त्याने लावली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. "बॅटरी गेली तुमची गुरुजी, बदलून टाका," असं सांगून तो गेला. बॅटरी चार वर्षांची होती, म्हणजे संशय घ्यायला जागा होतीच, आणि जंप दिल्यावर गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरीच गेली असं कोणालाही वाटेल. गुरुजींनी त्याच दिवशी जुनी बॅटरी एक्स्चेंजमधे देऊन नवी ३५ अँपियर-अवरची घेतली, चार हजारांच्या आसपास गेले.

नवी बॅटरी टाकल्यावर आठवडाभर गाडी बरी चालली. मग परत तेच. थंड असताना कशीबशी सुरू होते, फिरून आल्यावर बंद केली की पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत खट् करून गप्प. तासाभराने परत सुरू. पाऊस असो नसो. धक्का मारला की मात्र दुसऱ्या गिअरमधे चार पावलांत सुरू व्हायची. गुरुजींनी उतारावर गाडी लावायची सवय करून घेतली, पण हॉस्पिटलचं आवार सपाट आहे आणि काकू गाडीत बसलेल्या असताना सत्तरीच्या माणसाने गाडी ढकलायची हे काही बरं नाही.

एकदा घरी अशीच अडली तेव्हा शेजाऱ्याने जंप देऊन पाहिली, या वेळी काहीच फरक पडला नाही. बॅटरी नवी, जंपही दिला, तरी खट्. मग सगळ्यांचं एकमत झालं की सेल्फ, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनला फिरवून सुरू करणारी मोटर, गेला.

गावातल्या वायरमनने सेल्फ उतरवून नेला. बाहेर बॅटरीला लावून पाहिला तर फिरत होता, पण उघडलाच आहे तर करून टाकू म्हणून कार्बन, बुश आणि सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडून देणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट बदलले, आर्मेचर साफ केलं, अठराशे रुपये. त्याने अर्थिंगही (इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत जायची वाट) तपासलं होतं हे मी मुद्दाम सांगतो, आळशी माणूस नव्हता तो. मल्टिमीटर बीपवर (वाट जोडलेली असली की वाजतो त्या सेटिंगवर) लावून बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत पाहिलं, बीप आली. टेस्ट लॅम्पचं एक टोक पॉझिटिव्हला आणि दुसरं इंजिनला लावलं, लॅम्प फक्क पेटला. म्हणजे अर्थिंग ओके. सेल्फ बसवला, गाडी चांगली सुरू झाली, आणि काही दिवसांनी परत हॉस्पिटलच्या आवारात खट्.

समोर कोणते पर्याय होते

माझ्याकडे प्रकरण आलं तेव्हा गुरुजींपुढे तीन रस्ते होते आणि तिन्ही त्यांना कोणीतरी जोर देऊन सांगितलेले. एक, नवाच सेल्फ घ्यायचा, कारण दुरुस्त केलेला सेल्फ टिकत नाही असं गॅरेजवाल्याचं म्हणणं, त्याला पाच-सहा हजार. दोन, इग्निशन स्विच आणि वायरिंग बदलायचं, त्याचा अंदाज कोणी नीट देत नव्हतं. तीन, पुण्याहून मुलगा रोज फोनवर सांगत होता ते, "बाबा आता द्या ती स्क्रॅपला, किती पैसे घालणार." मुलाचं चुकत नव्हतं, आईला घेऊन वडील कुठेतरी अडकतील ही काळजी होती त्याला.

मी गुरुजींना म्हटलं की यातलं काहीच आज ठरवू नका, आधी गाडी बंद पडलेल्या अवस्थेत मला बघू द्या. ही अट महत्त्वाची होती. अधूनमधून होणारा त्रास गाडी चांगली असताना तपासायचा म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यासारखं आहे. आम्ही ठरवलं की गाडी तासभर चालवायची, पूर्ण गरम करायची, आणि त्यांच्याच अंगणात बंद करून मग चावी फिरवायची.

आणि त्याआधी मी गुरुजींकडून सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकून घेतली, क्लचसकट. दोन जंप, एक लागू पडला आणि एक नाही पडला, हे मला खटकत होतं. मी विचारलं, हॉस्पिटलमधे त्या ड्रायव्हरने काळा चिमटा कुठे लावला होता? गुरुजी शिक्षक माणूस, निरीक्षण पक्कं, म्हणाले बॅटरीला नव्हता लावला, इंजिनच्या वरच्या एका लोखंडी हुकला लावला होता. आणि शेजाऱ्याने? बॅटरीच्या निगेटिव्हलाच.

इथेच माझा संशय नव्वद टक्के पक्का झाला. जंप देताना काळा चिमटा इंजिनच्या धातूला लावावा असंच गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, बॅटरीजवळ ठिणगी पडून गॅस पेटू नये म्हणून. त्या ड्रायव्हरने अगदी बरोबर केलं होतं. पण तसं केल्यामुळे नकळत गाडीच्या स्वतःच्या अर्थ केबलला बायपास मिळाला, इंजिनला थेट दुसऱ्या गाडीचा निगेटिव्ह मिळाला. शेजाऱ्याने बॅटरी टू बॅटरी लावलं तेव्हा करंटला परत त्याच खराब अर्थ केबलमधून यावं लागलं, म्हणून काही उपयोग झाला नाही. दोन जंपमधला हा फरक बॅटरीकडे नाही तर बॅटरी आणि इंजिन यांच्या मधल्या वाटेकडे बोट दाखवत होता.

तपासणी

गाडी सुरू होत नाही या वाक्याचे आधी दोन भाग करायचे असतात. सेल्फ इंजिनला फिरवतोय पण इंजिन पेट घेत नाही, की सेल्फच फिरवत नाही. पहिलं असेल तर पेट्रोल, पंप, प्लग, कॉईल, क्रँक सेन्सर, इमोबिलायझर इकडे जायचं. दुसरं असेल तर या सगळ्याला हातसुद्धा लावायचा नाही. इथे धक्का मारला की लगेच सुरू होते म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही ठीक, प्रश्न फक्त सेल्फ फिरवणाऱ्या सर्किटचा. ते सर्किट अगदी छोटं आहे, बॅटरी, जाड पॉझिटिव्ह केबल, सोलेनॉइड, सेल्फ, आणि सेल्फच्या बॉडीतून इंजिन-गिअरबॉक्समधून परत बॅटरीच्या निगेटिव्हला. परतीची वाट लोक विसरतात कारण ती दिसत नाही, पण जितका करंट जातो तितकाच परत यावा लागतो.

गाडी गरम करून आणली, बंद केली, दहा मिनिटं थांबलो, चावी फिरवली. खट्. मला बरं वाटलं, कारण आता मोजता येणार होतं.

पहिली चाचणी बिनखर्चाची. हेडलाईट लावून चावी फिरवायची. बॅटरी कमजोर असेल तर सेल्फ मारताना लाईट एकदम मंद होतात. इथे लाईट जेमतेम हलले. म्हणजे बॅटरीत ताकद आहे पण ती सेल्फपर्यंत वाहतच नाहीये, कुठेतरी अडतेय. हेडलाईटचं अर्थिंग बॉडीला असतं, इंजिनला नसतं, म्हणून लाईट आणि हॉर्न चांगले आहेत यावरून इंजिनचं अर्थिंग चांगलं आहे असं म्हणता येत नाही.

मग मल्टिमीटर. गाडी बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट, उत्तम. आता गुरुजींनी चावी धरून ठेवायची आणि मी मोजायचं. इंजिन जेव्हा संथ का होईना पण फिरत होतं तेव्हाचे आकडे असे आले. बॅटरीच्या दोन खांबांमधे, म्हणजे टर्मिनलमधे, ११.६. सेल्फच्या जाड बोल्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत, म्हणजे सेल्फला प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज, ७.८. बॅटरीकडे ११.६ आणि सेल्फला ७.८, मधले ३.८ व्होल्ट वाटेत खाल्ले जातायत. पॉझिटिव्ह बाजूला, बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत, ०.३. ठीक आहे, अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. निगेटिव्ह बाजूला, बॅटरीच्या खांबापासून इंजिनच्या धातूपर्यंत, ३.५. तिथे ०.२, फार तर ०.३ असायला हवं.

याच ठिकाणी वायरमनची बीप आणि लॅम्प का फसले ते नीट समजून घ्या, कारण मी असे भरपूर चांगले कारागीर बघितलेत जे इथेच फसतात. त्या वेळी साधारण ७० अँपियर वाहत होते, ३.५ भागिले ७० म्हणजे अडथळा ०.०५ ओहम. इतका छोटा आकडा साधा मीटर ओहमवर दाखवूच शकत नाही, मीटरच्या स्वतःच्या वायरी त्यापेक्षा जास्त असतात. बीप तर दहा-वीस ओहम असले तरी वाजते. टेस्ट लॅम्प घेतो दीड-पावणेदोन अँपियर, तेवढ्या करंटला ०.०५ ओहममधे जेमतेम ०.१ व्होल्ट जातो, लॅम्पला काय कळणार. तोच ०.०५ ओहम सेल्फच्या करंटला मात्र साडेतीन व्होल्ट खातो. म्हणून जाड केबल नेहमी करंट वाहत असतानाच, व्होल्टवर तपासायची. दुसरा मार्ग नाही.

खात्री करायला जंपर केबलची एकच काळी वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन उचलायच्या हुकला. दुसरी गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही. चावी फिरवली आणि इंजिन खडखडीत फिरून सुरू झालं. गुरुजी बाहेर आले, म्हणाले परत कर. परत केलं, परत सुरू. या वेळी बॅटरीचं व्होल्टेज सेल्फ मारताना १०.४ पर्यंत खाली आलं होतं आणि सेल्फला ९.९ मिळत होते. बॅटरी आधीपेक्षा जास्त खाली जातेय आणि इंजिन आधीपेक्षा जोरात फिरतंय, हे ऐकायला उलटं वाटतं पण बरोबर तेच आहे, आता करंट खरोखर वाहतोय. सेल्फ मारताना बॅटरी जास्त वर राहिली म्हणजे चांगलं असा समज धरून बसलं तर इथे नेमका चुकीचा निष्कर्ष निघेल. साडेनऊच्या खाली जायला लागली तर बॅटरीकडे बघायचं.

आता अडथळा नेमका कुठे. या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरून दोन फाटे निघतात, एक छोटा शेजारीच बॉडीला आणि एक लांब गिअरबॉक्सच्या बोल्टला. जंपर काढून परत मोजलं. खांबापासून बॉडीपर्यंत जवळजवळ काही नाही. खांबापासून गिअरबॉक्सवरच्या थिंबलपर्यंत, म्हणजे केबलच्या टोकाच्या बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कड्यापर्यंत, २.६. थिंबलपासून गिअरबॉक्सच्या धातूपर्यंत ०.९. म्हणजे दोन जागा, केबल आतून गेलेली आणि जिथे ती बोल्टने आवळलीय तो जोडही गेलेला.

केबल सोडवली तेव्हा सगळं दिसलं. थिंबलच्या तोंडाशी निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या, रबर कापत गेलो तसा बोटभर आतपर्यंत हिरवा गंज. बोल्टखालचा वॉशर गंजलेला आणि गिअरबॉक्सच्या तोंडावर पांढरी खरपुडी. तारा ज्या पद्धतीने एका बाजूने तुटल्या होत्या त्यावरून वाटतं की जानेवारीत गिअरबॉक्स उतरवताना केबल ताणली गेली असावी आणि बसवताना ती जागा न घासता तशीच आवळली गेली. मग खारी हवा आणि पाऊस यांनी पुढचं काम केलं. ताणली गेल्याचा पुरावा माझ्याकडे नाही, कोणाला दोष द्यायला म्हणून लिहीत नाही, पण तारीख जुळते.

आणि क्लच वायरचं कोडंही इथेच सुटलं. तपासणी चालू असताना मी क्लच वायरच्या बाहेरच्या कव्हरला हात लावला तर ते चांगलंच गरम होतं. मुख्य वाट बंद झाली की करंट मिळेल त्या वाटेने परत जातो, आणि इंजिन-गिअरबॉक्सपासून बॉडीकडे जाणाऱ्या धातूच्या वाटा म्हणजे क्लच वायर, अ‍ॅक्सिलरेटर वायर, गिअरच्या वायरी. त्या काही सेल्फचा करंट वाहायला बनवलेल्या नाहीत. क्लच वायरच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तार अडकत होती, म्हणून तीन महिन्यांत दुसऱ्यांदा क्लच जड झाला. वायर काढून कापून दाखवली गुरुजींना. एप्रिलमधला हा त्रास आणि जूनमधला त्रास एकच होता, फक्त पहिल्यांदा तो क्लचच्या रूपात आला. ज्याच्याकडे केबलवाली जुनी गाडी आहे आणि क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटर वायर लवकर लवकर जातेय त्याने इंजिनचं अर्थिंग एकदा मोजून बघावं, खरंच सांगतो.

इंजिन चालू ठेवून अजून एक मोजलं होतं, केबल सोडवायच्या आधी. हेडलाईट लावलेले असताना डायनामोवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर) १४.३ व्होल्ट आणि बॅटरीवर १३.१. डायनामोचा करंटसुद्धा याच अर्थ केबलमधून जातो, त्यामुळे बॅटरीला पूर्ण चार्जिंग मिळतच नव्हतं. जुनी बॅटरी जूनमधे कमजोर दिसली असेल तर ती उपाशी राहून कमजोर झाली असण्याची दाट शक्यता. ती एक्स्चेंजमधे गेली, त्यामुळे आता तपासता येणार नाही.

गरम झाल्यावरच त्रास का, हे गुरुजींनी विचारलं. तांब्याचा अडथळा तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के, पण तो भाग छोटा. मोठा भाग हा की खराब जोड गरम होऊन पसरला की आणखी ढिला होतो, आणि गिअरबॉक्सच्या जवळची ती जागा फिरून आल्यावर चांगली तापलेली असते. बॅटरी बदलताना आणि सेल्फ काढताना केबल हलली, तारा जरा जवळ आल्या, म्हणून दोन्ही वेळा काही दिवस गाडी सुधारल्यासारखी वाटली. त्या सुधारणेनेच सगळ्यांना चकवलं.

काय केलं आणि का

इथे पण निर्णय होता. जागा घासून, थिंबल नवं मारून तीच केबल वापरता आली असती, तासाभराचं काम. पण हिरवा गंज तारांमधून आत सरकत राहतो, आज बोटभर आहे तो पुढच्या पावसात वीतभर होईल. दुसरा विचार असा की जुनी केबल तशीच ठेवून शेजारून एक नवी टाकायची. तेही काही लोक करतात आणि गाडी सुरू होतेच, पण मग खराब केबल तशीच लपून राहते आणि पुढच्या कारागिराची दिशाभूल करते. आम्ही पूर्ण नवी करायचं ठरवलं.

मूळ केबल १६ चौरस मिलिमीटरची होती, २५ ची तांब्याची घेतली, थिंबल हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घेतले, हातोडीने ठोकून नाही. थिंबलच्या तोंडावर आत डिंक असलेली हीट श्रिंक नळी बसवली म्हणजे खारी हवा आत शिरणार नाही. गिअरबॉक्सची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट-वॉशर नवे, आधी घट्ट आवळलं आणि मग वरून पेट्रोलियम जेली. क्रम महत्त्वाचा आहे, जेली सांध्याच्या बाहेर, आत धातूला धातू. शिवाय इंजिनच्या वरच्या ब्रॅकेटपासून बॉडीला एक जास्तीची विणीची अर्थ पट्टी लावली, समुद्राजवळच्या गाडीला ही जोडी असलेली बरी. क्लच वायर नवी टाकली, अ‍ॅक्सिलरेटर वायर काढून बघितली, ती वाचली होती.

सगळं मिळून क्लच वायर धरून दीड हजाराच्या आत झालं.

निकाल

त्याच दिवशी गरम गाडीवर मोजलं. सेल्फ मारताना निगेटिव्ह बाजूला ०.१, बॅटरीवर १०.५, सेल्फला १०. बंद करून लगेच, पाच मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने चावी फिरवून पाहिली, प्रत्येक वेळी सुरू. चार्जिंग हेडलाईट लावून बॅटरीवर १४.२. हेडलाईट आधीपेक्षा उजळ झाल्याचं गुरुजींच्या संध्याकाळी लक्षात आलं, फोन करून सांगितलं.

काकूंची फिजिओथेरपी सप्टेंबरपर्यंत चालली, तोपर्यंत गाडी एकदाही अडली नाही. मुलाने स्क्रॅपचा विषय सोडला. क्लच मऊच आहे.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्तात सुटण्याची संधी हॉस्पिटलच्या आवारातच होती. जंप लागू पडला म्हणजे बॅटरी गेली, हे अर्धंच खरं आहे. काळा चिमटा इंजिनला लावून सुरू झाली तर बॅटरी आणि अर्थ केबल दोघांवर संशय राहतो. गाडी तिथेच परत बंद करून काळा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावून पाहिला असता तर दोन मिनिटांत वेगळं झालं असतं. रस्त्यात अडकलेल्या माणसाने चालू झालेली गाडी परत बंद करावी अशी अपेक्षा मी करणार नाही, पण घरी पोचल्यावर ते करता येतं.

दुसरी संधी बॅटरीच्या दुकानात. नवी विकण्याआधी जुनी लोड टेस्टरवर, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तपासणाऱ्या यंत्रावर, लावून बघा म्हणायचं, बहुतेक दुकानांत तो असतो आणि चाचणीला पैसे घेत नाहीत. बॅटरी पास झाली असती तर चार हजार लगेच जायचं कारण नव्हतं.

सेल्फच्या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे. कार्बन निम्मे झिजलेले होते, त्यामुळे ते काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही, वर्ष-दोन वर्षांत करावंच लागलं असतं. पण सेल्फ उतरवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दहाव्या हिश्श्यात तो जागेवर असताना मीटरचे दोन काटे त्याच्या बोल्टवर आणि बॉडीवर ठेवून चावी फिरवता येते. तिथे साडेनऊ-दहा व्होल्ट मिळूनही फिरत नसेल तर सेल्फ काढा. बॅटरीवर जास्त असून इथे सात-आठच मिळत असतील तर काढू नका, वाट शोधा. बाहेर काढलेला सेल्फ मोकळा फिरला म्हणून तो चांगला असं सिद्ध होत नाही, कारण त्याच्यावर इंजिनचा भार नसतो. त्या वायरमनला मी हे सगळे आकडे दाखवले, त्याने मोबाईलवर फोटो काढून घेतले आणि दुसऱ्या आठवड्यात एका टेम्पोवर हीच चाचणी करून मला फोन केला, तिथे पॉझिटिव्ह केबलचा लग, म्हणजे टोकाचं थिंबल, खराब निघाला.

आणि क्लच प्लेटचं काम. गिअरबॉक्स उतरवणाऱ्या प्रत्येक कामानंतर अर्थ केबलचा बोल्ट कसा बसलाय ते मालकाने विचारावं आणि गॅरेजवाल्याने स्वतःहून दाखवावं. सगळं जोडून झाल्यावर चावी फिरवताना निगेटिव्ह खांब ते गिअरबॉक्स एवढं एकच मोजमाप घेतलं असतं तर जानेवारीतच तारा कमी झाल्याचं दिसण्याची शक्यता होती, निदान एप्रिलमधे दुसरी क्लच वायर टाकताना तरी दिसलंच असतं. दुसऱ्यांदा तोच पार्ट जातो तेव्हा तो पार्ट का जातोय हे विचारायची ती वेळ असते.

दिवाळीत गुरुजींकडे गेलो तेव्हा परत मोजलं. निगेटिव्ह बाजू ०.१५, चांगली आहे. पॉझिटिव्ह बाजू मात्र ०.४५ झालीय, म्हणजे मर्यादेच्या जवळ. ती केबल पण मूळचीच आहे, सोळा वर्षांची. मे महिन्यात, पावसाच्या आधी, ती बदलायची असं ठरलंय आणि तेव्हा बॅटरीची पॉझिटिव्ह क्लँपही नवी घालू, जुनीचा बोल्ट आता धागा सोडायला लागलाय.